जे लागू नसेल ते खोडावे

मिलिंद वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी फळ्यावर जोडाक्षरं लिहीत होते. मिलिंद माझा भाचा, थोरल्या भावाचा मुलगा, रसायनीच्या एका कारखान्यात आहे. कपड्यांना इस्त्री नसेल तर घराबाहेर पडत नाही, त्यावरून मी त्याला नेहमी चिडवते. त्या दिवशी त्याची पँट कमरेपर्यंत भिजलेली होती. एसटीत बसून कर्जतला येईस्तोवर निम्मी सुकली होती आणि मांडीवर गाळाची एक आडवी रेघ उमटली होती. पाऊस कितीही असो, कर्जतच्या रस्त्यावर कुणी कमरेइतकं भिजत नाही. ती रेघ आमच्या वस्तीपुढच्या वहाळाची, ओढ्याची होती. पाणी उतरायची वाट न बघता हा पोरगा चांगल्या पँटीनिशी वहाळात उतरला... तेवढ्यावरून मला कळायचं ते कळलं. "आत्या, चल," एवढंच तो म्हणाला. मी खडू ठेवला, हात पुसले आणि पुढची अक्षरं पुस्तकात बघून उतरवा असं मुलांना सांगितलं. दादा गेला हे मला असं समजलं.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी पेपरच्या पुरवणीसाठी चार शब्द लिहा असं सुचवलं, तेव्हा मी आधी हसले. पुरवणीत ज्यांच्यावर लिहितात त्यांच्यातला आमचा दादा नव्हे. त्यानं चळवळ केली नाही, पुस्तक लिहिलं नाही, निवडणुकीला उभा राहिला नाही. सखाराम मुकादम म्हणून खालापूर तालुक्यात दगडमातीच्या कामावरची माणसं त्याला ओळखायची, बस्स. पण रात्रंदिवस मनात घोळतंय ते कुठंतरी उतरवलं पाहिजे. मायेनं लिहिलेलं वाचायचं असेल त्यांनी दुसरं काही वाचावं. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो नेमका कुणावर काढायचा हे कळत नाही म्हणून जास्त येतो.

आमची वस्ती वहाळाच्या अलीकडे आणि गाव, शाळा, रस्ता, दवाखाना सगळं पलीकडे. उन्हाळ्यात वहाळ म्हणजे नुसते गोटे. पावसाळ्यात मात्र वरच्या डोंगरातून पाणी उतरायचं आणि वस्ती तिथंच अडकायची. मी शाळेत जायला लागले तेव्हा दादा मला खांद्यावर घेऊन पलीकडे नेऊन सोडायचा. माझ्या डोक्यावर दप्तर, त्याच्या डोक्यावर माझे हात. पाणी छातीशी आलं की तो मुद्दाम थांबायचा आणि म्हणायचा, "आता पाढे म्हण, नायतर हितंच ठेवीन." मी किंचाळत पाढे म्हणायचे. माझे पाढे पक्के झाले ते त्या पाण्यात. तो स्वतः चौथीनंतर शाळेत गेला नाही, कारण त्याला खांद्यावर घ्यायला कुणी नव्हतं. आई-बाप दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. हे मी कौतुकानं सांगत नाही. पोरांनी शिकावं म्हणून एखाद्या वस्तीला साकव लागतो, साकव म्हणजे माणसं आणि बैलगाडी जाईल एवढा लहान पूल, आणि तो मिळत नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

छप्पन साली आमचं घर बौद्ध झालं. बाबांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून वहाळात सोडले आणि घरी येऊन आईला म्हणाले, "आता आपण कुणाच्या पाया पडायचं नाय." दादा तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. त्यानं ते वाक्य मनावर घेतलं. पण पलीकडच्या चहाच्या टपरीवर आमचा पेला खुंटीला वेगळा टांगलेला होता तो तसाच राहिला. दादा रस्त्याच्या कामावर आधी मजूर, मग मुकादम झाला. त्याच्या हाताखाली वीस-पंचवीस माणसं असायची, आणि ज्या कंत्राटदाराकडे तो काम करायचा, ज्याला सगळे शेठच म्हणत, तो त्याला "सखा, हुशार आहेस रे" असं म्हणून दुरूनच पगाराचं पाकीट टाकायचा. हातात द्यायचा नाही. दादा ते झेलायचा. एकदा झेलता आलं नाही, चिखलात पडलं, तेव्हा शेठ हसला होता. हे दादानं मला फार वर्षांनी सांगितलं, तेही दुसरंच काही सांगताना.

मग मजुरांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या. लहान कामं टेंडर न काढता अशा सोसायट्यांना द्यायची असा सरकारी नियम होता. दादानं वस्तीतली माणसं गोळा करून सोसायटी नोंदवली, चेअरमन झाला, एक गटार, एका शाळेची भिंत, एक विहिरीचा कठडा अशी कामं केली. ती अजून उभी आहेत, कुणालाही जाऊन बघता येतील. पण त्याचा जीव जडला तो टेंडरवर. एका मोठ्या कामाचे लखोटे उघडताना तो सहज बघायला म्हणून कचेरीत गेला होता. त्या कचेरीचं नाव मी लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. तिथून परत येताना तो कर्जतला माझ्याकडे उतरला. मी तेव्हा नुकतीच मास्तरीण झाले होते. चहा समोर ठेवला तरी त्याचं लक्ष नाही.

"शांते, बाकावर बसलो गं," तो म्हणाला.

"कुठल्या बाकावर?"

"कचेरीतल्या. शेठच्या शेजारी. तिथं सगळ्यांना एकच बाक हाय. सायेब आला, पेटीचं कुलूप काढलं, लखोटे सगळ्यांना दाखवले, लाखेचं सील शाबूत हाय का बघून घ्या म्हणाला. मग एकेक फोडला. नाव वाचलं, आकडा वाचला. ज्याचा आकडा खाली त्याला काम. नाव बघून आकडा बदलत नाय गं. एवढंच पायजे होतं मला."

त्या दिवसापासून मी रविवारी वस्तीवर गेले की आमच्या गप्पा म्हणजे टेंडरचे नियम. जाहीर सूचना कशी लागते, किती दिवस ठेवावी लागते, अनामत कशी भरायची, लखोटा वेळेनंतर आला तर मंत्र्याचा असला तरी कसा घेत नाहीत, आणि फोडल्यावर एक टिंबसुद्धा कसं बदलता येत नाही. मी वह्या तपासत ऐकायचे. मला ते रुक्ष वाटायचं, पण त्याच्या तोंडून ऐकताना वाटायचं की हा एखाद्या गावाबद्दल बोलतोय, जिथं त्याला राहायला जायचं आहे. मी चिडवायचे, "दादा, वहिनीला तरी एवढं पाहिलं नसशील." वहिनी आतून म्हणायची, "मला बघायला लखोटा फोडावा लागला नाय ना, म्हणून." तो खदखदून हसायचा. त्याचं तसं हसणं पुढं बंद झालं म्हणून आता आठवतं.

आणि मग आमच्या वहाळावरच्या साकवाची सूचना लागली. बाबांनी अर्ज केले होते, मग बाबा गेले. दादानं केले. पंचायतीनं ठराव केले. शेवटी एकदाचं काम मंजूर झालं, पण ते सोसायटीला बिनटेंडर मिळण्याइतकं लहान नव्हतं. खुलं टेंडर. दादाला त्याचंही वाईट वाटलं नाही, उलट आनंदच झाला. उपकार म्हणून मिळालं असतं तर पाकीट टाकल्यासारखं झालं असतं, असं तो म्हणाला. आपला साकव आपण आकड्यावर मिळवायचा. वस्तीतल्या माणसांनी कमी मजुरीत काम करायचं कबूल केलं. वहाळातलेच गोटे, वहाळातलीच वाळू. दर खाली बसणार यात शंका नव्हती.

दर गुप्त ठेवायचा असतो, हा नियम. दादानं तो इतका पाळला की घरातसुद्धा कुणाला कागद दाखवला नाही. मला नाही, वहिनीला नाही, सोसायटीच्या माणसांना तोंडी विचारून घेतलं आणि लिहिताना खोलीचं दार ओढून घेतलं. मग चिमणीवर लाखेची कांडी धरून लखोट्यावर थेंब पाडले. सील म्हणून उमटवायला पितळी शिक्का नव्हता, तेव्हा आईनं आपल्या बांगडीची कडा दाबली. एक थेंब उंबऱ्यावर पडला, तो कधी निघालाच नाही. आई पुढं झाडताना तिथं केरसुणी जरा अलगद फिरवायची.

लखोटे उघडले त्या दिवशीचं दादानं मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही. त्याला वाक्यन् वाक्य आठवत होतं. टेंडरच्या सूचनेवर सर्वांत वर, ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, खाडाखोड असलेली निविदा विचारात घेतली जाणार नाही. आत फॉर्मवर दर लिहायची ओळ होती, ती अशी: अंदाजपत्रकी दरापेक्षा अमुक टक्के जास्त / कमी. तिच्यापुढं कंसात, बारीक अक्षरात: जे लागू नसेल ते खोडावे. दादानं टक्के लिहिले, अक्षरी लिहिले, अंकी लिहिले, आणि 'कमी' या शब्दाखाली पट्टी लावून एक सुरेख रेघ ओढली. 'जास्त'ला हात लावला नाही. का, तर वर लिहिलं होतं, खाडाखोड नको. त्याचे मास्तर पाटीवर जराशी खाडाखोड झाली की सगळी पुसून पहिल्यापासून लिहायला लावायचे. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं लिखाणाबद्दल एवढी एकच गोष्ट जन्मभर लक्षात ठेवली होती, लिहिलेलं खोडायचं नसतं.

मी त्याला विचारलं, "अरे, पण कंसातलं वाचलं नव्हतंस का?"

"वाचलं ना. दोन्ही लिवलंय. खोडू नका पण लिवलंय आन खोडा पण लिवलंय. मोठ्या अक्षरातलं खरं धरलं मी."

मी मास्तरीण आहे, व्याकरण शिकवते. कंसातलं आणि ठळक अक्षरातलं, दोन्ही वाक्यं व्याकरणानं शुद्ध आहेत.

साहेबानं कागद उलटासुलटा पाहिला. माणूस वाईट नव्हता, हे दादाच सांगायचा. त्याला ती रेघ दिसत होती. तो म्हणाला, "जास्त की कमी, एक खोडायला पाहिजे होतं. दोन्ही तसेच आहेत." दादा उभा राहिला. "सायेब, कमी हाय. मी हितं समोर उभा हाय ना, मीच सांगतो, कमी हाय." बाकावर कुणीतरी हसलं. साहेब म्हणाला, "मला कळतंय हो. पण लखोटा फुटल्यावर तोंडी चालत नाही. आज तुमचं ऐकलं तर उद्या सगळ्यांचं ऐकावं लागेल." आणि निविदा बाद झाली. राहिलेल्यांत सर्वांत खालचा आकडा शेठचा होता, तोही अंदाजपत्रकापेक्षा जास्त. साकव त्याला गेला.

मी संतापले. कोर्टात जाऊ, वर अर्ज करू, पेपरात देऊ, काय काय बोलले. दादा शेवटी म्हणाला, "सायबानं बरोबर केलं शांते. माझ्या जागी शेठ असता तरी असंच केलं असतं." त्याला राग येत नव्हता. मला वाटतं तेच सगळ्यांत वाईट होतं. जात बघून टेंडर नाकारलं असतं तर तो भांडला असता, भांडायची आम्हाला सवय होती. पण इथं त्याचं नाव कुणी बघितलंच नव्हतं. ज्या गोष्टीवर तो जीव टाकायचा तीच त्याच्यावर बरोबर लागू झाली होती. आता कुणावर चिडायचं? तो स्वतःवर चिडला, आणि तसा चिडलेला माणूस कुणाच्या हाती लागत नाही.

पुढं शेठचा निरोप आला. साकवाचं काम तुमच्याच वस्तीजवळ आहे, माणसं तुमचीच लावा, मुकादमी तूच कर. वहिनी म्हणाली, नका जाऊ. दादा म्हणाला, "साकव तर आपलाच हाय ना." तो गेला. कागदावर काम शेठचं, हात वस्तीचे. पोटठेका देणं टेंडरच्या अटींत बसत नव्हतं, म्हणून त्याचा कुठं कागद केला नाही, सगळी बोली. सिमेंट त्या काळी परमिटवर मिळायचं आणि बाहेर दुप्पट भावानं विकलं जायचं. साकवासाठी आलेल्या गोण्या रात्री टेंपोत चढताना वस्तीनं पाहिल्या. दादानं शेठला सांगितलं, शेठनं कानावर हात ठेवले. देखरेखीच्या ओव्हरसियरला सांगितलं, तो "बघतो" म्हणाला. लिहून का दिलं नाहीस, असं मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, "कागदावर हात धरला की काय तरी चुकतं गं माझं." ज्या माणसाला 'तोंडी चालत नाही' हे भर कचेरीत ऐकावं लागलं होतं, त्यानं पुन्हा तोंडीच सांगितलं. त्या बाद झालेल्या लखोट्यानंतर त्याचा हात कागदावर थबकायचा. सहीसुद्धा तो आधी हवेत गिरवून मग करायचा.

साकव बांधून झाला. पोरं शाळेत चपला घालून जायला लागली. आई एकदा काही काम नसताना नुसती पलीकडे जाऊन परत आली आणि म्हणाली, "पाय कोरडे हायत बघ माझे." दुसऱ्या पावसाळ्यात मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, खचला आणि वरचा स्लॅब पाण्यात गेला. सकाळची वेळ होती. एक म्हातारे गृहस्थ म्हशीला घेऊन निघाले होते, ते मागे सरले म्हणून वाचले, म्हैस गेली. खांब तेवढे उभे राहिले.

चौकशी बसली. शेठनं लेखी जबाब दिला की बांधकामाचे मजूर आणि मुकादम अमुक सोसायटीचे होते, त्यांच्या हलगर्जीपणामुळे काम कच्चं राहिलं. हजेरीच्या कागदावर वस्तीतल्या माणसांचे अंगठे आणि दादाच्या सह्या होत्याच. दादाचं म्हणणं असं की सिमेंट कमी पडत होतं, मी सांगितलं होतं. कुणाला? ओव्हरसियरला. लेखी? नाही, तोंडी. ओव्हरसियर म्हणाला, मला आठवत नाही. शेठला समज देण्यात आली. सोसायटी आणि तिचा चेअरमन म्हणून दादाचं नाव काळ्या यादीत गेलं. म्हणजे कुठल्याही सरकारी कामाचा फॉर्मच मिळायचा नाही. कचेरीत खिडकीशी गेलं की आधी नाव विचारायचे आणि नाव सांगितलं की मान हलवायचे. आकडा किती, हे विचारायचा प्रश्नच नव्हता. आणि वस्ती? ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते काय म्हणाले ते लिहू का... "सख्यानं बांधला, सख्याचा पडला." टेंपो ज्यांनी पाहिला होता तेसुद्धा म्हणाले. पोरांना पुन्हा पाण्यातून जावं लागलं की बायका आमच्या दाराकडे बघून काहीतरी पुटपुटायच्या. टपरीवरचा वेगळा पेला एव्हाना गेला होता. दादा मात्र टपरीवर जायचाच थांबला.

मग अर्ज सुरू झाले. विषय: काळ्या यादीतून नाव कमी करणेबाबत. लिहायचे मी, सही दादाची. उत्तर यायचं, आपला अर्ज विचाराधीन आहे. एका वर्षी कचेरीचं विभाजन झालं, कपाटं ट्रकमधून दुसरीकडे गेली. आम्ही दोघं तिकडे गेलो. तिथला कारकून बराच वेळ शोधून म्हणाला, "ती जुनी यादी सापडत नाही. यादी नाही म्हणजे त्यातलं नाव कमी करता येणार नाही." मी म्हटलं, "यादीच नसेल तर याला फॉर्म द्या की." तो म्हणाला, "असं कसं बाई, यांचं नाव यादीत आहे ना?" मी हसायला लागले. हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, शिपाई बघायला लागला. दादानं माझ्या दंडाला धरून बाहेर आणलं आणि म्हणाला, "चल, बाहेर रस प्यायला घालतो तुला." लहानपणी पाण्यात घाबरले की असंच काहीतरी बोलायचा.

यानंतर त्यानं कुठलंच काम धड केलं नाही. थोडी शेती, थोडी रोजंदारी, खोकला. मिलिंदला शिकवलं, कारखान्यात चिकटवलं. सोसायटी मोडली. पण पेपरातली निविदा सूचनांची पानं तो वाचायचा. माझ्याकडे आला की रद्दीतून जुने पेपर काढून बसायचा आणि शेलूचा रस्ता, कुठलीशी टाकी, कुठला बंधारा, त्याचे दर मनाशीच लावायचा. "हे धा टक्के खाली परवडतंय," असं म्हणून पान उलटायचा. मी कधीकधी ओरडायचे, कशाला रे जीव जाळतोस. तो म्हणायचा, "वाचायला नाव लागत नाय ना."

शेवटची भेट झाली ती वस्तीवर, घरात. मी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या शेवटी गेले होते. त्याचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेल्यासारखे, अंगात ताकद नाही. मी नेलेला पेपर त्यानं चाचपला आणि मला दिला. "ते पान वाच." मी वाचत गेले. मधेच आमच्या वहाळाचं नाव आलं, साकवाचे उर्वरित काम पूर्ण करणे. असं काम आधीही दोनदा निघालं होतं आणि रद्द झालं होतं, त्यामुळे मला काही वाटलं नाही. दादा बोटांवर काहीतरी मोजत राहिला. मला वाटलं दर लावतोय. मग छताकडे तोंड करून त्यानं विचारलं, "जास्त-कमीचं अजून तसंच हाय का गं फॉर्मात?"

मी म्हटलं, "असेल."

"कंसातलं जरा मोठं करायला पायजे," तो म्हणाला. मग कूस बदलली.

स्मशान पलीकडे आहे. पाऊस थांबत नव्हता, पाणी कमरेला होतं. उर्वरित काम अर्थातच झालेलं नव्हतं. त्या खांबांच्या मधून, जिथं स्लॅब असायला हवा होता त्याच्या खालून, दादाला खांद्यावर घेऊन माणसं पाण्यात उतरली. बुद्धवंदना म्हणणाऱ्याचा आवाज पाण्यात ऐकू येत नव्हता. मी काठावर वहिनीला धरून उभी होते. मधोमध पोहोचल्यावर पाय स्थिरावायला ती माणसं क्षणभर थांबली आणि माझ्या तोंडून आपोआप बेचा पाढा निघाला. बे एके बे, बे दुणे चार. वहिनीला वाटलं मी भ्रमिष्ट झाले. ज्या माणसानं मला कोरडं पलीकडे पोचवलं, त्याला आम्ही सगळे मिळून कोरडं नेऊ शकलो नाही. मेल्यावरसुद्धा नाही. यात समाधान शोधायला जाऊ नये, मी शोधलं, नाही सापडत.

मागच्या आठवड्यात वहिनी, मिलिंद आणि मी खालापूरला रेशनच्या कचेरीत गेलो. माणूस गेला की कार्डावरून त्याचं नाव काढावं लागतं. खिडकीवरच्या मुलानं फॉर्म दिला. मी बाकावर बसून सगळा भरला, वहिनीचा अंगठा घेतला, मृत्यूचा दाखला जोडला. खिडकीत दिला तर त्यानं परत सरकवला.

"बाई, हे राहिलं."

मी चष्मा नीट करून पाहिलं. शिधापत्रिकेत नाव वाढविणे / कमी करणे. आणि कंसात, बारीक अक्षरात, तेच. मी पेन हातात धरून तशीच उभी राहिले. मागं रांग होती.

"कमी," मी म्हटलं. "कमी करायचंय."

"तोंडी नाही चालत हो बाई. एक खोडा ना." मुलगा सभ्य होता. त्याचा काही दोष नव्हता. कुणाचाच काही दोष नसतो, हे मला आता पाठ झालं आहे.

मी 'वाढविणे' खोडलं. त्यानं कार्ड घेतलं, पट्टी लावली, लाल पेनानं रेघ ओढली, सही केली, शिक्का मारला. "झालं." मिलिंद म्हणाला, "एवढंच?" त्याला आठवत असणार, त्याच्या लहानपणी त्याचा बाप आणि आत्या एका यादीतून एक नाव कमी करायला किती कचेऱ्या फिरले होते. मी त्याला म्हटलं, एवढंच.

वहिनीनं घरी आल्यावर कार्ड तांदळाच्या डब्यामागे ठेवलं. ठेवण्याआधी मी ते उघडून पाहिलं. सखाराम या नावावरून रेघ गेली आहे. सरळ, स्वच्छ, कुठं डाग नाही. अक्षरांच्या मधोमध. खालून नाही.